समलिंगी स्त्री-पोलीस नायिका, रहस्य-प्रणयकथेतील

समलिंगी स्त्री-पोलीस नायिका, रहस्य-प्रणयकथेतील : गुन्ह्याचा शोध आणि दोन स्त्रियांमधील प्रेमसंबंध ही दोन सूत्रे एकत्र गुंफणाऱ्या कादंबरीप्रकारातील मध्यवर्ती व्यक्तिरेखा. ही नायिका पोलीस दलात अधिकारपदावर असते व स्त्रीवर प्रेम करणारी असते. खाजगी गुप्तहेर, पत्रकार वा हौशी शोधक असलेल्या समलिंगी नायिकांची परंपरा याहून थोडी जुनी असून तिचा येथे प्रसंगोपात्तच विचार केला आहे. हा प्रकार मुख्यतः इंग्रजी भाषेत आणि त्यातही अमेरिकेत विकसित झाला. मराठी रहस्यकथेत त्याची परंपरा निर्माण झालेली नाही. ती का झाली नाही, हा प्रश्न या प्रकाराच्या स्वरूपावर प्रकाश टाकणारा असल्याने त्याचाही परामर्श पुढे घेतला आहे.

रहस्यकथा व प्रणयकथा या दोहोंचे वाचकाशी काही अलिखित करार असतात. गुन्हेगार अखेरीस ओळखला जाईल, असे रहस्यकथा अभिवचन देते. प्रेमिकांचे मीलन होईल, असे प्रणयकथा देते. पहिलीचा व्यापार संशयावर चालतो, दुसरीचा विश्वासावर. एकाच कथेत हे दोन्ही करार पाळावयाचे म्हणजे नायिकेने एकाच व्यक्तीकडे एकाच वेळी संशयाने व आसक्तीने पाहावयाचे. साक्षीदार किंवा संशयित स्त्रीच नायिकेची प्रेयसी व्हावी, हा या कथांतील नेहमीचा डाव याच गरजेतून आलेला आहे. नायिका समलिंगी असली, की त्यात आणखी एक पदर मिसळतो. ज्या दलाच्या वतीने ती इतरांची गुपिते उकरून काढते, त्याच दलापासून तिला स्वतःचे गुपित जपावयाचे असते. शोध घेणारी व्यक्ती स्वतःच शोधाचा विषय होऊ शकते, ही शक्यता या प्रकाराला त्याचे खरे नाट्य पुरविते. ज्या कथांत ती शक्यता उरत नाही, त्या सहसा फिक्या ठरतात.

या नाट्यामागे प्रत्यक्ष इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेतील समलिंगी स्त्री-पुरुषांच्या दृष्टीने पोलीस म्हणजे त्यांच्या बैठकीच्या जागांवर छापे घालणारी यंत्रणा होती. लॉस अँजेल्समधील ब्लॅक कॅट या मद्यगृहावर १९६७ च्या नववर्षदिनी पडलेला छापा आणि न्यूयॉर्कमधील स्टोनवॉल या मद्यगृहावरील २८ जून १९६९ चा छापा यांतून उठलेल्या प्रतिकाराने तेथील समलिंगी चळवळीस नवे वळण दिले. अशा समाजासाठी लिहिलेल्या कादंबरीत पोलिसालाच नायिका करणे हे धाडसाचे होते. एम. एफ. बील यांच्या एंजल डान्स (१९७७) या कादंबरीस या परंपरेचा आरंभ मानण्याचा प्रघात आहे. तिची नायिका मात्र पोलीस नसून खाजगी शोधक आहे, आणि सत्तेविषयी तिला गाढ अविश्वास वाटतो. बार्बरा विल्सन यांच्या मर्डर इन द कलेक्टिव्ह (१९८४) मधील नायिका सहकारी छापखान्यात काम करणारी आहे. चळवळीतून आलेल्या लेखिकांना पोलीस चौकीच्या आत जाऊन पाहण्याची इच्छा आरंभी नव्हती, असे यावरून दिसते.

ती इच्छा कॅथरिन व्ही. फॉरेस्ट (जन्म १९३९) यांनी दाखविली. मूळच्या कॅनडातील या लेखिकेची क्यूरियस वाइन (१९८३) ही पहिली कादंबरी शुद्ध प्रणयकथा होती. पुढील वर्षी प्रसिद्ध झालेल्या अमॅच्युअर सिटी (१९८४) मध्ये त्यांनी लॉस अँजेल्स पोलीस दलाच्या खूनतपास विभागातील केट डेलाफील्ड ही नायिका उभी केली. केट ही व्हिएटनाममध्ये सेवा केलेली माजी मरीन सैनिक आहे. तिची सहचरी मोटार अपघातात जळून मृत्यू पावलेली आहे, आणि त्या दुःखाचा उच्चार तिला कार्यालयात कोणापाशीही करता येत नाही. पतीच्या मृत्यूनंतर सहकारी स्त्रीस जी सहानुभूती व रजा सहज मिळाली असती, ती मागण्याची तिला सोयच नाही. मालिकेतील हा सर्वांत साधा आणि सर्वांत परिणामकारक तपशील होय. प्रणय येथे दुसऱ्या स्थानी आहे. वैधव्य भोगणाऱ्या, परंतु विधवा म्हणवून न घेऊ शकणाऱ्या स्त्रीचे चित्र प्रथम येते.

मालिकेतील दुसरे पुस्तक मर्डर ॲट द नाइटवुड बार (१९८७) हे बहुधा या साऱ्या प्रकारातील सर्वोत्तम होय. समलिंगी स्त्रियांच्या एका मद्यगृहाच्या आवारात एकोणीस वर्षांच्या मुलीचा खून होतो. तपासासाठी केट तेथे येते, तेव्हा तेथील स्त्रिया तिला आपल्यातली म्हणून क्षणात ओळखतात आणि पोलीस म्हणून तितक्याच तत्परतेने नाकारतात. गणवेश एका बाजूस आणि नाते दुसऱ्या बाजूस असा हा पेच फॉरेस्ट यांनी भाषणबाजी न करता प्रश्नोत्तरांच्या प्रसंगांतून उभा केला आहे. साक्षीदार बोलत नाहीत, कारण बोलल्याचा परिणाम काय होतो हे त्यांना अनुभवाने ठाऊक आहे. आणि त्यांचे मौन केटलाही कळते, कारण ते तिचेच मौन आहे. मर्डर बाय ट्रॅडिशन (१९९१) मध्ये हा पेच न्यायालयात जातो. समलिंगी पुरुषाच्या खुनाचा खटला चालू असताना केटचे खाजगी जीवन साक्षीच्या पिंजऱ्यात उघडे होण्याची भीती निर्माण होते. या कादंबरीस आणि तिच्या आधीच्या द बेव्हर्ली मालिबू (१९८९) या कादंबरीस लॅम्डा साहित्य पारितोषिक लाभले. फॉरेस्ट यांची भाषा प्रसंगी सपाट आहे व रहस्याची उकल पुष्कळदा सहज ओळखता येते. तथापि नायिकेचे वय वाढणे, तिचे मद्यप्राशन, निवृत्तीनंतरचे एकटेपण हे सारे त्यांनी हाय डेझर्ट (२०१३) व डेलाफील्ड (२०२२) पर्यंत प्रामाणिकपणे लिहिले. रहस्यकथांचे नायक सहसा म्हातारे होत नाहीत, हे लक्षात घेता हे विशेष म्हणावे लागेल.

या पुस्तकांच्या पाठीशी १९७३ मध्ये स्थापन झालेली नायड प्रेस ही प्रकाशनसंस्था होती. मोठे प्रकाशक अशा हस्तलिखितांना हात लावीत नसत, त्या काळात ही संस्था मुख्यतः टपालाने पुस्तके विकून खेड्यापाड्यांतील वाचक स्त्रियांपर्यंत पोहोचली. क्लेअर मॅकनॅब यांची लेसन्स इन मर्डर (१९८८) ही ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे घडणारी कादंबरीही तेथूनच आली. तीत कॅरल ॲश्टन ही पोलीस निरीक्षक संशयित शिक्षिकेच्या प्रेमात पडते. मांडणी बेतशीर, वाचनीय. पण कॅरलचे देखणेपण लेखिका इतक्या वेळा सांगते, की वाचकास तपासाचा विसर पडावा. न्यूझीलंडमधील वेलिंग्टन येथे रोझ बीचम यांनी अमांडा व्हॅलेंटाइन या अधिकारी स्त्रीची मालिका १९९२ मध्ये सुरू केली.

लॉरी आर. किंग यांची अ ग्रेव्ह टॅलेंट (१९९३) ही कादंबरी मोठ्या प्रकाशनसंस्थेकडून येऊन सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोहोचली आणि तिला १९९४ मध्ये पदार्पणातील सर्वोत्कृष्ट कादंबरीचे एडगर पारितोषिक मिळाले. सॅन फ्रान्सिस्कोच्या पोलीस दलातील केट मार्टिनेली ही तिची नायिका. कथेच्या पहिल्या भागात केटचा जोडीदार म्हणून ‘ली’ या नावाचा उल्लेख येत राहतो. ली ही स्त्री आहे, हे लेखिका बऱ्याच उशिरा उघड करते. वाचकाने गृहीत धरलेले घर एकाएकी वेगळेच निघते आणि केटने सहकाऱ्यांपासून जे लपविले होते, तेच लेखिकेने वाचकापासून लपविले होते, असे ध्यानात येते. कथनतंत्र आणि आशय यांचा इतका नेमका मेळ या प्रकारात अन्यत्र आढळत नाही.

ही युक्ती मराठीत कशी उतरेल, हा प्रश्न भाषाभ्यासकास रंजक वाटण्याजोगा आहे. इंग्रजीत लेखिकेस केवळ सर्वनाम टाळावे लागले. मराठीत ‘ली आली’ किंवा ‘ली येते’ असे दोन शब्द लिहिताच रहस्य संपते. तरीही मार्ग बंद नाही. कर्मणी व भावे प्रयोगांत क्रियापद कर्त्याचे लिंग दाखवीत नाही : ‘लीने दार उघडले’, ‘लीने चहा केला’. रीतिभूतकाळ व भविष्यकाळही मौन पाळतात : ‘ली रोज उशिरा येई’, ‘ली उद्या घरी असेल’. म्हणजे मराठी अनुवादकास लीला काही प्रकरणे सतत काहीतरी करावयास लावावे लागेल किंवा जुन्या सवयींत व उद्याच्या बेतांत ठेवावे लागेल. केवळ येऊ-जाऊ देता येणार नाही. मराठी व्याकरण आडपडदा ठेवू देते, पण त्याची किंमत घेते. स्वतःच्या सहचरीविषयी कार्यालयात बोलताना अशी प्रयोगांची निवड मनातल्या मनात करीत राहणे, हे अनेकींच्या रोजच्या व्यवहाराचे वर्णन ठरू शकेल.

किंग यांच्या नाइट वर्क (२००० ) या पुढील कादंबरीत भारतातून आलेल्या तरुण वधूच्या जळून झालेल्या मृत्यूचा विषय आहे.

एकविसाव्या शतकात या प्रकाराचा तोल प्रणयाकडे झुकला. शल्यविशारद असलेल्या एका लेखिकेने रॅडक्लिफ या टोपणनावाने लिहिलेल्या शील्ड ऑफ जस्टिस (२००२) मध्ये फिलाडेल्फियाची पोलीस अधिकारी रिबेका फ्राय व मनोविकारतज्ज्ञ कॅथरिन रॉलिंग्ज यांचे प्रेम हाच कथेचा गाभा आहे. गेरी हिल यांच्या हंटर्स वे (२००५) मध्ये डॅलस येथील दोन सहकारी अधिकारी स्त्रिया परस्परांच्या प्रेमात पडतात. या कादंबऱ्यांचा वाचकवर्ग मोठा व निष्ठावान आहे. दोन स्त्रियांच्या प्रेमाचा शेवट मृत्यूत वा वेडात व्हावयाचा, असा साहित्यातील दीर्घकाळचा दंडक या लेखिकांनी मोडला, हे त्यांचे श्रेय नाकारता येत नाही. परंतु त्यासाठी पोलीस दलाचे वास्तव पुसट करावे लागले. कोठडी, बळाचा गैरवापर, वरिष्ठांचा दबाव यांना तेथे क्वचितच जागा मिळते. गणवेश हा नायिकेच्या कणखरपणाचे आभूषण होऊन बसतो. फॉरेस्ट यांच्या स्त्रियांनी मद्यगृहात विचारलेला प्रश्न, म्हणजे ‘तू नेमकी कोणाच्या बाजूची?’, या कादंबऱ्या विचारीतच नाहीत.

भारतात हा प्रश्न टाळणे शक्य नाही. भारतीय दंडसंहितेचे ३७७ वे कलम प्रौढांच्या संमतीने होणाऱ्या खाजगी संबंधांना लागू होणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी दिला. तथापि स्त्रियांच्या बाबतीत पोलिसांशी गाठ पडते ती बहुधा या कलमामुळे पडत नसे. दोन सज्ञान मुली घर सोडून एकत्र राहू लागल्या, की आईवडील त्या हरवल्याची वा त्यांना पळवून नेल्याची तक्रार नोंदवितात आणि पोलीस त्यांना शोधून घरी पोहोचवितात. मदुराईहून चेन्नईस आलेल्या अशाच दोघींच्या अर्जावर मद्रास उच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये पोलिसांना अशा जोडप्यांचा छळ न करण्याविषयी सविस्तर निर्देश दिले. म्हणजे रहस्यकथेतील शोध ही जी गौरवास्पद क्रिया, तीच येथे प्रेमकथेची शत्रू ठरते. हरवलेल्या मुलीचा माग काढणारी हुशार फौजदारीण ही भारतीय संदर्भात नायिका की खलनायिका, हे तिने माग काढल्यावर काय केले यावर अवलंबून राहील. एखाद्या कादंबरीस पुरेल एवढे नाट्य या एका प्रसंगात आहे.

प्रत्यक्ष जीवनात अशी नायिका कल्पनेपूर्वी अवतरली होती. १९८७ च्या अखेरीस मध्य प्रदेशाच्या सशस्त्र पोलीस दलातील दोन महिला शिपायांनी परस्परांशी विवाह केला. पुढील वर्षाच्या आरंभी ती वार्ता देशभर गाजली आणि दोघींना सेवेतून कमी करण्यात आले. अमेरिकेत केट डेलाफील्डची दोन पुस्तके तोवर प्रसिद्ध झाली होती. ती आपले गुपित जपून नोकरी टिकवीत होती. भोपाळच्या दोघींनी गुपित ठेवले नाही व नोकरी गमावली. महाराष्ट्रात बीड जिल्ह्यातील एका महिला पोलीस शिपायाने २०१७ मध्ये लिंगबदल शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली, तेव्हा भरतीचे निकष स्त्री-पुरुषांना निराळे असल्याने पेच उद्भवला. २०१८ मध्ये शस्त्रक्रिया होऊन ती व्यक्ती पुरुष म्हणून सेवेत राहिली. लिंगभावाचा हा प्रश्न समलिंगी प्रेमाहून वेगळा आहे. दोहोंची गल्लत वृत्तपत्रांत वारंवार होत असल्याने तो भेद येथे नोंदविणे इष्ट होय.

भारतीय चित्रपटाने या विषयाच्या आसपास काही प्रयत्न केले. रोशन अँड्र्यूज यांच्या मुंबई पोलीस (२०१३) या मलयाळम् चित्रपटात स्मृती गमावलेला अधिकारी मित्राच्या खुनाचा तपास करतो आणि खुनी आपणच असल्याचे त्यास कळते. आपण समलिंगी असल्याचे मित्रास समजले, हे त्या खुनाचे कारण असते. रचना चतुर आहे, पण समलिंगी असणे हेच येथे गुन्ह्याचे मूळ ठरते. फॉरेस्ट व किंग यांनी ज्या समीकरणातून रहस्यकथा बाहेर काढली, त्यातच ती पुन्हा शिरते. हर्षवर्धन कुलकर्णी यांच्या बधाई दो (२०२२) या हिंदी चित्रपटात समलिंगी पुरुष फौजदार आणि समलिंगी व्यायामशिक्षिका लोकलज्जेस्तव लग्न करतात. फौजदाराची नेमणूक महिला पोलीस ठाण्यात आहे, हा त्यातील मिस्कील भाग. गणवेश पुरुषाकडे आणि स्त्रीवरील प्रेम शिक्षिकेकडे अशी ही विभागणी झाली. शी (२०२०) या हिंदी चित्रमालिकेत भूमिका परदेशी ही मुंबई पोलिसांतील मराठी शिपाई स्त्री आहे. गुप्त कामगिरीवर असताना तिला स्वतःच्या वासनेचे भान येते. दोन स्त्रियांच्या प्रेमाची ही कथा नव्हे. परंतु चाळीत राहणाऱ्या मराठी पोलीस स्त्रीला शरीर व इच्छा आहे, एवढे तरी तीत मान्य केलेले दिसते.

मराठीत समलिंगी स्त्रीचे पहिले ठसठशीत चित्रण रंगभूमीवर झाले. विजय तेंडुलकर यांचे मित्राची गोष्ट हे नाटक १९८१ मध्ये रंगमंचावर आले आणि त्यात सुमित्रा देव हिची भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनी केली. महाविद्यालयीन नाटकात पुरुषपात्र रंगविणारी मित्रा सहअभिनेत्रीवर प्रेम करू लागते. ती कथा तिच्यावर प्रेम करणाऱ्या बापू या मित्राच्या तोंडून सांगितली जाते आणि मित्राच्या मृत्यूने संपते. पुढील वर्षीच्या जब्बार पटेल दिग्दर्शित उंबरठा (१९८२) या चित्रपटात महिलाश्रमातील दोन स्त्रियांचे संबंध उघडकीस येतात. तेथे अधिकारपदावरील स्त्रीच्या, म्हणजे स्मिता पाटील यांनी रंगविलेल्या अधीक्षक सुलभा महाजनच्या, समोर तो ‘प्रश्न’ म्हणून येतो. सुलभाची दृष्टी सहृदय आहे, पण ती चौकटीबाहेरून पाहते. या दोन कृती शेजारी ठेवल्या, तर प्रस्तुत नायिकेचे दोन्ही अर्धे मराठीत एकाच सुमारास तयार होते असे दिसते : एकीकडे प्रेम करणारी मित्रा, दुसरीकडे अधिकार असलेली सुलभा. ते एका व्यक्तीत एकत्र आले नाहीत.

रहस्यकथेकडून ते काम होण्याजोगे नव्हते. बाबुराव अर्नाळकर यांनी हजारांवर रहस्यकथा लिहिल्या. पण त्यांचा काळापहाड कायद्याबाहेरचा कैवारी, झुंजार धाडसी वीर आणि धनंजय खाजगी शोधक. गुरुनाथ नाईक यांचा कॅप्टन दीप हा लष्करी पेशातला, तर सुहास शिरवळकर यांचे अमर विश्वास बॅरिस्टर. मराठी रहस्यकथेचा नायक पोलीस ठाण्याच्या बाहेरचा असतो, हा जणू नियमच होता. पोलीस हे मागाहून येऊन हातकड्या घालणारे. ठाण्याच्या आतील कामाची रीत, म्हणजे ठाणे अंमलदाराचे टिपण, पंचनामा, रात्रपाळी, बदलीची धास्ती, हा मराठी रहस्यकथेचा विषय फारसा झालाच नाही. जेथे पोलिसाची कादंबरीच विरळ, तेथे पोलीस स्त्रीची आणि त्यातही समलिंगी स्त्रीची अपेक्षा करणे अवास्तव ठरते. उणीव नीतिकल्पनांची जेवढी, तेवढीच ती वाङ्‌मयप्रकाराची आहे.

भूगोलाचाही विचार करावा लागतो. वर उल्लेखिलेल्या बहुतेक कादंबऱ्या महानगरात घडतात. नायिका कामावरून निघून अनोळखी वस्तीत हरवू शकते, यावर त्यांची कथानके उभी आहेत. मुंबईत ते शक्य आहे. समलिंगी स्त्रियांचा स्त्री संगम हा गट १९९५ मध्ये मुंबईतच स्थापन झाला. फायर या चित्रपटावरून डिसेंबर १९९८ मध्ये चित्रपटगृहांची मोडतोड झाली, तीही याच शहरात. लोकलगाडीने शंभरेक किलोमीटर आत, रायगड जिल्ह्यातील (१९८१ पूर्वीचा कुलाबा) कर्जतला पोहोचले, की परिस्थिती पालटते. कर्जत व खालापूर हे तालुके मुंबईच्या वाटेवर असूनही मुंबई नव्हेत. एका बाजूस बोरघाट, बोगदे, द्रुतगती मार्ग आणि शहरातल्यांची शेतघरे. दुसऱ्या बाजूस ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्या, जेथे कोण कोणाकडे आले हे दुपारपर्यंत सर्वांस ठाऊक होते. कर्जत तालुक्यातील माथेरान तर रहस्यकथेसाठीच वसविल्यासारखे आहे : पावसाळी धुके, मोटारींना बंदी, १९०७ मध्ये सुरू झालेली छोटी रेल्वे, आणि ती बंद असेल तर पायवाट. चौकजवळ २००५ मध्ये उभारलेल्या चित्रनगरीमुळे हा परिसर पडद्यावर आला, पण तो मुख्यतः ऐतिहासिक राजवाड्यांच्या रूपाने.

अशा तालुक्यातील ठाण्यात नेमणूक झालेल्या महिला उपनिरीक्षकेस गर्दीचा आडोसा नाही. पोलीस वसाहतीत भिंतीला भिंत लागून राहावयाचे, शेजारच्या हवालदाराच्या घरून कोकमाची वाटी यावयाची आणि ‘मॅडम, लग्नाचं काय?’ हा प्रश्नही त्याच वाटीबरोबर यावयाचा. महानगरी कादंबरीतील नायिका आपले गुपित कार्यालयापासून जपते. येथे ते शेजारापासून, दूधवाल्यापासून व फलाटावरील ओळखीच्या चेहऱ्यांपासून जपावे लागेल. इंग्रजी परंपरेतही आडगावाकडे वळल्यावर कथेचा पोत बदललेला आढळतो. रोझ बीचम यांनी ग्रेव्ह सायलेन्स (२००५) मध्ये कोलोराडोच्या ग्रामीण भागातील अधिकारी स्त्री रंगविली. डेडलॉक (२०२३) या ऑस्ट्रेलियन चित्रमालिकेत टास्मानियातील लहान गावाची पोलीस प्रमुख आपल्या पत्नीसह तेथे उघडपणे नांदते आणि गुपिते असतात ती गावाची. तेथे विवाहास कायद्याची मान्यता आहे. भारतात ती देण्यास सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी नकार दिला. त्यामुळे कर्जतच्या कल्पित उपनिरीक्षकेस शासकीय निवासस्थानाच्या अर्जावर सहचरीचे नाव कुटुंबीय म्हणून लिहिता येणार नाही. नाते या रकान्यात ‘मैत्रीण’ लिहावे की ‘मावसबहीण’, हे तिला ठरवावे लागेल.